न्हाणीकडचा खांब

पावणं, त्या खांबाला हात लावू नका. पाटीवर लिवलंय म्हणून न्हाय, मी सांगतोय म्हणून. इंगवल्यांचं घर बगायला आलाय न्हवं? बगा की. वर तुळया बगा, खांबाच्या डोक्यावर कोरलेलं पोपट बगा. लोकं येत्यात, मान वर करत्यात, वा वा म्हणत्यात आन् जात्यात. चौकातल्या चार खांबांतला हा एक नवा हाय, हे कुणाच्या ध्यानात बी येत न्हाय. तुमच्या आलं. आता इचारलंसा तर ऐका, आन् मधी मधी बोलू नका. मला राग लई लौकर येतो.

मी जोतीराम सुतार. मूळचा कोडोलीचा. माझा बा ह्या घराची कामं करायचा, त्येच्यामागं मी. ह्या घराचं कुठलं दार पावसाळ्यात अडतंय आन् कुठल्या पायरीखाली पोकळ वाजतंय, हे मला झोपंत इचारलं तरी सांगंन.

पन्हाळ्यावरनं राजधानी खाली करवीरात आली, तवा सरकारी कोठी सांभाळणारा एक इंगवले संगं आला. त्येनं हे घर बांधलं. रस्त्याच्या अंगाला बसायचा सोपा, मधी उघडा चौक, चौकाला चार सागवानी खांब, आन् त्या खांबांवर वरच्या माडीचा सज्जा. सगळी माडी ह्या चौघांच्या जिवावर. वरच्या छतात एक खिळा न्हाय. खोबणीत खोबण बसवून केलंय सगळं, आन् दीडशे वर्सं झाली तरी नख जाईल एवढी फट पडली न्हाय. कुणी केलं? नाव म्हाईत न्हाय. बांधणाऱ्या मालकाचं नाव कागदावर हाय, सुताराचं कुटंच न्हाय. असू दे.

माझ्या येळचं मालक हंबीरराव इंगवले. आमी आबा म्हणायचो. दरबारात कारकून हुतं, संस्थान इलीन झालं तशी नोकरी सुटली. माणूस सरळ, पण ताठा म्हंजे काय सांगू! ताटात मीठ कमी असलं तर अळणी जेवतील, पण मागणार न्हाईत. त्येंची बायकू तानाबाई. त्या मला भावजी म्हणायच्या, मी वैनी म्हणायचो. एकुलती लेक आक्का, ती जयसिंगपुरात दिलेली. म्हंजे एवढ्या घरात दोनच माणसं.

एक्कावन साली नगरपालिकेची नोटीस आली. रस्ता रुंद करायचाय. आखणीची रेघ सोप्यात घुसून चौकाच्या मधनं गेलती. आबा तीन दिस जेवलं न्हाईत. चौथ्या दिशी कुणीतरी सांगितलं, सरकारात जुन्या वास्तूंचं एक खातं हाय. त्या खात्यानं घर आपल्या यादीत घेतलं की त्येला कुणी हात लावू शकत न्हाय, नगरपालिका बी न्हाय. आबांनी अर्ज धाडला. दोन म्हैन्यांनी उत्तर आलं, पुण्यास्नं साहेब घर बगायला येतोय.

आता गोम सांगतो. हा न्हाणीकडचा खांब बुडातनं कुजलाता. पलीकडं न्हाणी, तिचं पाणी वर्सानुवर्सं मुरलेलं, आन् वरनं वाळवी. आंगठ्यानं दाबलं तर आंगठा आत जायचा. मला ठावं हुतं, आबांना ठावं हुतं, आन् वैनींना सगळ्यात आधी ठावं हुतं. कारण त्यांची बसायची जागा ही. लगीन होऊन आल्या तवापासनं तांदूळ निवडायचं असूंदे, वाती वळायच्या असूंदे, ह्या खांबाला पाठ लावून बसायच्या. घरात चांगला उजेड कुटं, तर हितं.

साहेब घर बगायला येणार म्हणल्यावर आमच्या डोस्क्यात काय आलं असंल? पोरगी दाखवायचा कार्यक्रम! पोरीच्या पायात खोट असली तर तिला आधीच पाटावर बसवून ठेवत्यात, पावण्यांम्होरं चालवत न्हाईत. दुसरं कायच आमाला सुचलं न्हाय. खोट दिसली तर साहेब नापसंत करंल, घर यादीत जाणार न्हाय, आन् रस्ता चौकातनं जाईल. असा आमचा सरळ हिशेब.

चार दिस खपलो मी. कुजकं तेवढं कोरून काढलं. लाकडाचा भुसा, राळ आन् जवसाचं तेल यांचं लुकण करून आत ठासून भरलं. वाळल्यावर पॉलिस पेपर मारला, बारीक ब्रशानं सागाच्या रेघा वढल्या, वरनं तेल पाजलं. आबांनी भिंगातनं बघितलं, त्येंना बी जोड सापडला न्हाय. माझी पाठ थोपटली. मला बी लई भारी वाटलं, खोटं कशाला बोलू? उभ्या जल्मात एवढं नामी काम मी दुसरं केलं न्हवतं. वैनींनी सगळं घर सारवून, दाराला तोरण लावून, पुरणावरणाचा घाट घातलाता.

साहेब आला. ओगले त्येचं नाव. हडकुळा माणूस, जाड भिंगाचा चष्मा, पण बोलणं असं गोड की सरकारी वाटायचंच न्हाय. गुडघ्यावर बसून मापं घेतली, पोपटांचं फोटू काढलं, चारी खांबांचं काढलं. छतात खिळा न्हाय म्हणल्यावर लहान पोरागत हसला. मग वही उघडून म्हणाला, "हंबीरराव, कुठं काही दोष असेल, लाकूड कुजलं असेल, भिंतीला ओल असेल, तर आत्ताच सांगा. मी तसं लिहून घेतो."

नीट ऐकलंसा न्हवं? त्येनं इचारलंतं. सवताहून इचारलंतं.

आबा ताठ झालं. "दोष? आमच्या घरात? साहेब, ह्या घरानं आजवर कुणाकडं काय मागितलेलं न्हाय."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सुतार ना? तुमचं काय मत?"

"लोखंड हाय साहेब, लोखंड," मी म्हणलं. वर खांबावर दोन थापा बी मारल्या, जरा उंचावर, जितं लाकूड निबार हुतं तितं.

वैनी माजघराच्या दारात पदर धरून उभ्या हुत्या. त्येंनी माझ्याकडं एकदा बघितलं आन् आत गेल्या. साहेबानं वहीत लिवलं, आन् लिवताना मोठ्यानं म्हणाला, "लाकूडकाम उत्तम स्थितीत."

बावन सालात ही पाटी लागली. हितं कुणी काय मोडलं, बदललं, खरवडलं तर दंड आन् कैद, असं तिच्यावर लिवलंय. रस्ता वळसा घालून पलीकडनं गेला. पेढं मीच वाटलं गल्लीत. खात्यानं राखणीला एक माणूस दिला, कागलचा पिराजी. गरीब माणूस, पायरीवर बसून तंबाखू मळायचा आन् येणाऱ्याला चपला काढायला लावायचा. आमी जिंकलो म्हणायचं, दुसरं काय!

पुढच्याच पावसाळ्यात सज्ज्याची ही कड बोटभर खाली आली. लुकणाला कुटं वजन पेलतंय? ते दाखवायला असतंय. वैनी एक दिस मला म्हणाल्या, "भावजी, वर कुणी चाललं की माझ्या पाठीला कळतंय." मी म्हणलं, "वैनी, हितं बसू नका." तर म्हणाल्या, "मग कुटं बसू? आत दिवसा बी दिवा लावाय लागतोय."

आबांनी खात्याला अर्ज केला. खांब जुना झालाय, बदलायची परवानगी द्यावी, खर्च आमचा. कुजलाय असं लिवलं न्हाय, जुना झालाय असं लिवलं. आठ म्हैन्यांनी इंग्रजीत कागद आला. आक्काच्या नवऱ्यानं वाचून सांगितला. तपासणीच्या अहवालात आन् फोटूत सदर खांब उत्तम दिसतोय, म्हणून मूळचा भाग बदलता येणार न्हाय. झालं! आमच्याच हातानं आमी दोर आवळलाता.

माझं डोस्कं फिरलं. मी म्हणलं, "आबा, खरं काय ते लिवा."

"खरं म्हंजे काय लिवू? हंबीरराव इंगवल्यानं सरकारला फसवलं, असं लिवू? मग घर यादीतनं काढत्याल. उद्या पुन्हा रेघ चौकातनं."

"तुमी नका लिवू. मी पुण्याला जातो. सुतारानं लबाडी केली म्हणतो, मालकाला ठाव न्हवतं म्हणतो. काय करत्याल? आत घालत्याल? घालू देत."

आबा उठलं, माझा हात धरला आन् सवताच्या डोक्यावर ठेवला. "जोतीराम, तुला माझी शपथ हाय. ह्यातलं एक अक्षर भाईर काढायचं न्हाय."

आन् मी गप बसलो. कशाला बसलो? आज बी रोज इचारतो सवताला. आग लागो असल्या शपथेला! पण आबांचं डोकं माझ्या हाताखाली हुतं, पावणं. त्या डोक्यावरनं हात काढून मी पुण्याची गाडी धरायला पायजे हुती. धरली न्हाय.

खांब बदलता येत न्हाय, तर निदान टेकू तरी द्यावा म्हणून मी बाभळीचा एक दणकट धिरा आणला. सज्ज्याच्या तुळईखाली, खांबाला लागून तो ठोकायचा, म्हंजे वरचं वजन त्येच्यावर यील. पिराजी आडवा आला. "पाटी वाचलीस न्हवं? हितं काय बी लावायचं झालं तर मला कळवाय लागतंय. माझी नोकरी जाईल गा."

मी त्येच्या अंगावर धावून जाणार हुतो. वैनी मधी आल्या. म्हणाल्या, "पिराजीदादा, ह्येच्याखाली मी बसते हो."

पिराजीनं तंबाखू थुकली, पाठ फिरवली आन् पायरीवर जाऊन बसला. "मी काय बघितलं न्हाय," म्हणाला.

धिरा लागला आन् सज्जा जिथल्या तितं थांबला. वर्सभर चांगलं गेलं. वैनी म्हणायच्या, "भावजी, आता कसं निवांत वाटतंय." मी गेलो की च्या द्यायच्या. तेवढं एक वर्स त्या घरात मी पोटभर श्वास घेतला बगा.

पंचावनच्या श्रावणात खात्याचा कागद आला. बेस्तरवारी दुपारी ओगले साहेब पाहणीला येणार. आबांनी मला बोलावणं धाडलं आन् म्हणालं, "धिरा काढ."

"काय?"

"धिरा दिसला की साहेब इचारणार, कशाला लावलाय. काय सांगायचं? एका दिसाचा सवाल हाय. साहेब गेला की पुन्हा लाव."

"आबा, त्या खांबात आता काय सुदीक ऱ्हायलेलं न्हाय. मी न्हाय काढणार."

आबा पटका काढून ठेवून सवता धिऱ्याला झोंबलं. सत्तरीचा माणूस, धोतराचा काचा खोचून धिरा हलवतोय, आन् वर तुळई करकरतीय. वैनी माझ्याकडं हात जोडून बगाय लागल्या. आता सांगा, काय करायचं? म्हणलं, "सरका. तुमच्या हातनं काढाल तर आत्ताच सगळं घेऊन पडाल." बेस्तरवारी सकाळी मीच पाचरी ढिल्या केल्या, मीच धिरा काढला, मीच त्येचा डाग पुसला. सज्जा वाईच बसला आन् थांबला. वैनींना म्हणलं, "आज हिकडं फिरकायचं न्हाय." त्या हो म्हणाल्या.

आबा कोट घालून, पटका बांधून सोप्यात बसलं. बारा वाजलं, एक वाजला. भाईर पाऊस कोसळत हुता. पिराजी भिजत आला आन् म्हणाला, "पंचगंगेला पूर आलाय. शिरोलीच्या पुलावर पाणी चढलंय, पुण्याची गाडी पलीकडंच थांबलीय. साहेब काय आज येत न्हाय."

मी धिरा उचलला. आबा म्हणालं, "ठेव. पाणी उतरलं तर चारच्या गाडीनं यील. सांजपतोर कळ काढ."

"आबा, पूर हाय तो! दोन तासांत उतरतोय व्हय?"

"ठेव म्हणलं न्हवं!"

तितं माझा ताबा सुटला. धिरा तितंच आदळला, काय काय बोललो माझं मला ठाव न्हाय. तुमचं घर, तुमचा खांब, तुमचा ताठा, घाला चुलीत, म्हणलं आन् तणतणत भाईर पडलो. कोपऱ्यावरच्या च्याच्या दुकानात जाऊन बसलो. एक कप प्यालो, दुसरा मागवला. मला वाटलं, पाच वाजता जाऊन गुपचूप लावून यावा, तवर म्हाताऱ्याचं डोस्कं शांत हुईल.

तीनच्या सुमाराला आवाज झाला. वीज पडल्यागत एकदम न्हाय, आधी करकर, मग धाड. मला लगीच कळलं. कप तसाच टाकून धावलो.

न्हाणीकडचा सगळा सज्जा खाली आलाता. पिराजी आन् मी तुळई उचलली. खाली वैनी. साहेब येत न्हाय म्हणल्यावर त्येंनी रातच्यासाठी तांदूळ निवडायला घेतलंतं. आत अंधार, म्हणून चौकात आल्यात्या, रोजच्या जागी बसल्यात्या. तांदूळ सगळीकडं पसरलंतं. दवाखान्यापतोर न्यायची गरज पडली न्हाय. आबा सोप्यातनं आलं, कोट घातलेलं, पटका बांधलेलं. वैनींकडं बघितलं आन् तितंच चिखलात बसलं. रडलं न्हाईत. रडलं असतं तर बरं झालं असतं.

चौथ्या दिशी पूर उतरला आन् साहेब आला. आबा आक्काकडं गेलंतं. मी पडक्या चौकात उभा ऱ्हाऊन साहेबाला सगळं सांगितलं. लुकण सांगितलं, शपथ सांगितली, धिरा सांगितला. शपथ मोडली. आता कुणासाठी पाळायची हुती? म्हणलं, "साहेब, मला पोलिसात द्या."

साहेबानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "पण लपवलंत कशासाठी?"

"घर यादीतनं जाईल म्हणून. कुजकं घर कोण ठेवतंय?"

"अहो, कुजकं आहे म्हणून कुणी यादीतून काढत नाही! घर घेतलं ते त्या छतासाठी, त्याच्या इतिहासासाठी. खांब किडलाय असं लिहिलं असतं, तर आधी खांब बदलून दिला असता, आमच्या खर्चानं. त्याच कामासाठी हे खातं आहे. एक ओळ पुरली असती, जोतीराम. म्हणूनच मी त्या दिवशी विचारलं होतं."

"व्हय साहेब," मी म्हणलं. "इचारलं हुतं."

त्येनं मला पोलिसात दिलं न्हाय. दिलं असतं तर उपकार झालं असतं. तीन म्हैन्यांत दांडेलीचा साग आला, आन् कामाला सुतार म्हणून मलाच बोलावलं. हा खांब मी घडवलाय. ह्यात लुकण न्हाय, पाचर न्हाय, सगळा एकजीव साग. शंभर वर्सं हलणार न्हाय. आन् त्येला पाठ लावून बसायला कोण न्हाय. घराला कुलूप असतंय, पिराजी धाला उघडतो आन् पाचाला बंद करतो.

दिवाळीनंतर मी जयसिंगपूरला गेलो. साहेब काय म्हणाला ते आबांना सांगायचंच, असं ठरवून गेलतो. एकट्याच्या छातीवर ते वझं मला पेलत न्हवतं. गाडीत बसून शब्द सुदीक जुळवलंतं.

आबा आक्काच्या घरात मागल्या खोलीत बाजेवर बसलंतं. निम्मं झालंतं. मला बघितल्यावर हात धरला तो सोडंनात. आक्कानं मला तितंच पाट मांडून ताट वाढलं. मी पहिला घास घेतला आन् आबा म्हणालं, "जोतीराम, मी रोज इचार करतोय. खरं लिवलं असतं तर घर गेलं असतं. म्हंजे दुसरा विलाजच न्हवता. व्हय का न्हाय? तू तितं हुतास. तू सांग."

साहेबाचं बोलणं माझ्या व्हटापतोर आलंतं. पण ते डोळं बघितलं, पावणं. ते उत्तर इचारत न्हवतं, भीक मागत हुतं. जल्मात कुणाकडं मीठ न मागणारा माणूस माझ्याकडं तेवढी एक गोष्ट मागत हुता. खरं बोललो असतो तर त्येच दिशी तो माणूस गेला असता.

"न्हवता आबा," मी म्हणलं. "दुसरा विलाजच न्हवता."

आबांनी माझा हात सोडला. भिंतीला टेकलं. "तेच मी आक्काला सांगतोय," म्हणालं. "ही पोरगी ऐकत न्हाय. म्हणती, एकदा त्या साहेबाला नुसतं इचारून तरी बगायचं हुतंसा."

आक्का भाकरीचं ताट घेऊन दारात उभी हुती. ती आबांकडं बगत न्हवती, माझ्याकडं बगत हुती. मी मान वर केली न्हाय. जेवत ऱ्हायलो.